एकाच डोंगराच्या दोन वाड्या : कर्जत-खालापूरमधील ठाकर आणि कातकरी

कुंभिवलीचा परिसर म्हणजे पाताळगंगेचे खोरे. पूर्वेस बोरघाटाची सह्याद्रीची भिंत, उत्तरेच्या अंगाला इर्शाळ, प्रबळ आणि माथेरानचे डोंगर, मध्ये भातखाचरे आणि आता कारखान्यांची धुराडी. या खोऱ्यात आणि पलीकडच्या उल्हास खोऱ्यात, म्हणजेच खालापूर व कर्जत या दोन्ही तालुक्यांत, जवळजवळ प्रत्येक गावाला एक-दोन वाड्या जोडलेल्या आहेत. त्यांपैकी एक ठाकरवाडी असते, तर दुसरी कातकरवाडी. बाजारपेठेत राहणारे आपण या दोहोंना ‘आदिवासी’ या एकाच शब्दात बसवतो. सरकारी यादीतही दोघांचा प्रवर्ग एकच, अनुसूचित जमाती. मात्र दोन्ही वाड्यांतून एकदा फिरून आलेल्या माणसाला त्यांतील अंतर सांगावे लागत नाही. ठाकरवाडीत घरामागे वाल-काकडीचा मांडव, गोठ्यात बैलजोडी, कणगीत थोडे भात दिसते. कातकरवाडीत दिवाळीनंतर पुष्कळशा झोपड्यांची दारे बंद असतात. माणसे भट्टीवर गेलेली असतात.

डोंगर एक, पाऊस एक, राज्य एक आणि कायदेही तेच. असे असताना दोन समाजांच्या स्थितीत एवढे अंतर कसे पडले, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विषय आपल्या शेजाऱ्यांचा आहे आणि व्यापारी म्हणून आपल्या वाडवडिलांचा या इतिहासाशी संबंध आलेला आहे. म्हणून सुवर्ण महोत्सवाच्या या स्मरणिकेत त्याला स्थान असणे उचितच होय.

दोन समाजांची ओळख

ठाकर किंवा ठाकूर समाज रायगड, ठाणे, नाशिक, अहिल्यानगर व पुणे या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात पसरलेला आहे. त्यांत ‘म’ ठाकर व ‘क’ ठाकर असे दोन मुख्य भेद आहेत. बोली मराठीचीच, व्यवसाय मुख्यतः शेतीचा. उतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरी आणि सखल तुकड्यात भात, ही त्यांची जुनी पद्धत. जोडीला करवंदे, जांभळे, आंबे, रानभाज्या यांची टोपली डोक्यावर घेऊन कर्जत, नेरळ, चौक, खोपोलीच्या बाजारात येणारी ठाकरीण आपणा सर्वांच्या परिचयाची आहे.

कातकरी समाजाचे नावच त्याच्या व्यवसायावरून पडले आहे. खैराच्या झाडाचा गाभा तोडायचा, त्याचे बारीक ढलपे करायचे, मडक्यांतून ते तासन् तास उकळायचे, अर्क आटवून घट्ट करायचा आणि त्याच्या वड्या पाडायच्या. विड्यात, रंगकामात आणि कातडी कमावण्यात लागणारा कात तो हाच. पावसाळा संपला की कुटुंबेच्या कुटुंबे खैराच्या रानात मुक्काम हलवीत आणि पुढल्या पावसापूर्वी परतत. यांना काथोडी असेही म्हणतात. त्यांची स्वतंत्र बोली आहे व सोन कातकरी आणि ढोर कातकरी हे त्यांतील प्रमुख भेद आहेत. कात पाडण्याच्या कामासाठी यांतील काही कुटुंबे थेट राजस्थानपर्यंत नेली गेली. उदयपूरच्या डोंगराळ भागात आजही काथोडी वस्ती आहे, ही गोष्ट मारवाडातून इकडे आलेल्या आपल्या घराण्यांना नवलाची वाटेल. व्यापाराच्या वाटेने ती माणसे उत्तरेस गेली, तर आपण दक्षिणेस आलो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ठाकर समाजाची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६८ हजार, तर कातकऱ्यांची सुमारे २ लाख ८५ हजार होती. त्याच वेळी रायगड जिल्ह्याच्या २६ लाख ३४ हजार लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ११.६ टक्के होते. अभ्यासकांचे लक्ष या दोन्ही समाजांकडे पूर्वीच गेले होते. अ. ना. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९३४ साली, तर ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. केंद्र सरकारने १९७५ पासून अतिमागास जमातींची वेगळी यादी करण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्रातील तीनच जमातींची नावे त्या यादीत आहेत: कातकरी, कोलाम व माडिया गोंड. ठाकर त्या यादीत नाहीत. एकाच गावाच्या दोन वाड्यांतील अंतराला शासनाने अशा रीतीने अधिकृत मान्यताच दिली.

जंगल कायद्याचा घाव

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन्ही समाजांचा निर्वाह जंगलावरच होता. मुंबईहून निघालेली रेल्वे १८५६ साली खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. रुळांखालील लाकडी स्लीपर, इमारती लाकूड, सरपण आणि कोळसा यांची मागणी वाढली आणि जंगल ही सरकारच्या दृष्टीने महसुलाची बाब झाली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित जंगले ठरविण्यात आली.

हा कायदा दोघांनाही जाचक ठरला, पण सारखा नाही. ठाकरांची शेती जंगलावर अवलंबून होती ती राबासाठी. झाडांच्या फांद्या व पाला छाटून वाफ्यावर जाळल्याशिवाय भाताचे रोप तयार होत नसे. राब ही कुणबी-आगरी शेतकऱ्यांचीही गरज असल्याने त्या प्रश्नावर ओरड झाली आणि सरकारला सवलती ठेवाव्या लागल्या. कातकऱ्यांची स्थिती निराळी होती. त्यांचा व्यवसायच खैर तोडण्याचा. खैर राखीव झाला की कात बंद, आणि कात बंद झाला की समाजाचा आर्थिक कणाच मोडला. त्यांच्या बाजूने बोलणारा दुसरा कोणताही शेतकरी वर्ग नव्हता. मोळी विकणे, मजुरी करणे आणि नदी-ओढ्यातील मासे-खेकड्यांवर दिवस काढणे एवढेच त्यांच्या हाती राहिले.

कर्जत-खालापूरचा प्रदेश त्या काळी ठाणे जिल्ह्यात असल्याने १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये दोन्ही समाजांची वर्णने सापडतात. त्यांत ठाकरांविषयी शांत व कष्टाळू असा चांगला शेरा आहे, तर कातकऱ्यांविषयी चोरी व व्यसन यांचा संशय पदोपदी दिसतो. चार वर्षांपूर्वीच्या कायद्याने ज्यांची उपजीविका काढून घेतली होती, त्यांच्याच दारिद्र्याला स्वभावदोष मानण्याची ही रीत होती. खेदाची गोष्ट अशी, की ती गॅझेटियरपुरती राहिली नाही. गावगाड्यानेही ती उचलली. आजही एखाद्या गावात चोरी झाली की पहिली चौकशी कुठल्या वाडीत होते, हे वाचकांनी स्वतःशी आठवून पाहावे.

परंतु याच समाजाने देशकार्यात आपला वाटा दिला आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे झालेल्या जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळीबार केला. त्यातील हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचे नाव आहे. ज्या जंगलातून त्यांच्या समाजाला बाहेर काढले होते, त्या जंगलाच्या हक्कासाठीच त्यांनी प्राण वेचले.

सातबाऱ्यावरील नाव

दोन समाजांमधील अंतर खऱ्या अर्थाने रुंदावले ते स्वातंत्र्यानंतर, आणि तेही एका पुरोगामी कायद्यामुळे, हे इतिहासाचे विपरीत आहे.

कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासून रायगड) खोतांचे व मोठ्या जमीनदारांचे वर्चस्व होते. ठाकर बहुतांशी कुळे म्हणून जमीन कसत. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांनी चित्र पालटले. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. सर्वच ठाकरांना जमिनी मिळाल्या असे नाही. पुष्कळांची नावे कुळाच्या रकान्यात लागलीच नाहीत, काहींनी भीतीपोटी वा अज्ञानापोटी हक्क सोडले. तरीही अनेक ठाकर कुटुंबांना एक-दोन एकरांचा का होईना, स्वतःच्या नावाचा सातबारा मिळाला.

कातकरी मात्र त्या दिवशी कोणाचे कूळ नव्हता. तो मोळीविक्या होता, कोळसा भट्टीवरचा मजूर होता, जमीनदाराच्या बांधावर झोपडी घालून राहणारा गडी होता. कसेल त्याची जमीन हे तत्त्व न्याय्य होते, पण ज्याच्याकडे कसायलाही जमीन नव्हती त्याच्यासाठी त्यात काही नव्हते. वन खात्याने डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी काही गटांना दिलेल्या ‘दळी’ जमिनी हा याला अपवाद. त्यांवर दोन्ही समाजांतील कुटुंबे पिके काढीत. परंतु नोंद बहुधा गटाच्या एका नायकाच्या नावे असे आणि इतरांचा हक्क कागदावर येत नसे.

पुढील कायद्यांनी हीच दरी कायम केली. आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाऊ नयेत म्हणून १९७४ साली जमीन महसूल संहितेत निर्बंध कडक करण्यात आले आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी परत देण्याचा स्वतंत्र कायदाही झाला. दोन्ही कायदे स्तुत्य आहेत. पण जमीन परत मिळण्यासाठी ती आधी नावावर असावी लागते. ठाकराला या संरक्षणाचा उपयोग झाला, कातकऱ्याच्या हाती राखण्यासारखे काही नव्हतेच.

याहून गंभीर बाब घराखालील जागेची आहे. ठाकरवाड्या पुष्कळशा स्वतःच्या शेताजवळ वसलेल्या आहेत. कातकरवाड्यांपैकी अनेक खाजगी मालकीच्या जमिनीवर आहेत, कारण जमीनदाराला मजूर जवळ हवा होता आणि त्यानेच त्यांना बांधावर बसविले होते. तीन-चार पिढ्या गेल्या तरी त्या जागेचा गावठाणात समावेश झाला नाही. घर स्वतःचे, पण जमीन दुसऱ्याची. म्हणून घरकुल योजना, वीज, पाण्याची टाकी, प्रत्येक ठिकाणी मालकाचा ना-हरकत दाखला आडवा येतो.

भट्टीचा हिशेब आणि दुकानाची खतावणी

जमीन असणे आणि नसणे याचा परिणाम सर्वांत ठळकपणे दिसतो तो कर्जाच्या व्यवहारात. हा व्यवहार आपल्या वाचकांना अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ठाकराचे कर्ज हंगामी असे. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपले की तो पेठेत येऊन भात उचलायचा आणि पीक आल्यावर सवाई-दिढीने फेडायचा. व्याज जबर होते, जमिनीही गेल्या, हे नाकारता येणार नाही. जुन्या ठाणे गॅझेटियरमध्ये सावकारांच्या यादीत मारवाडी व गुजराती वाण्यांचा उल्लेख आहे आणि त्यांत आपले पूर्वज होते. अडल्या वेळी धान्य देणारे तेच आणि सुगीला खळ्यावर उभे राहणारेही तेच. या दोन्ही बाजू एकत्रच नोंदविल्या पाहिजेत. याच जाचातून सुटका व्हावी म्हणून माथेरानचे सुपुत्र भाई कोतवाल यांनी कर्जत तालुक्यात धान्यकोठीची योजना राबविली, खेड्यापाड्यांत शाळा काढल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह ते हुतात्मा झाले. त्यांचे बलिदान सर्वश्रुत आहे. त्यांच्या धान्यकोठीची आठवणही तितकीच जपली पाहिजे.

कातकऱ्याचे कर्ज निराळ्या जातीचे. त्याच्याजवळ तारण ठेवायला जमीन नाही, पीक नाही. म्हणून तो स्वतःची मेहनतच तारण ठेवतो. पूर्वी कोळशाच्या भट्टीसाठी, आता मुख्यतः वीटभट्टीसाठी, पावसाळ्यात सणावाराला, आजारपणाला, लग्नाला मालकाकडून ‘उचल’ घ्यायची आणि दिवाळीनंतर नवरा-बायको-मुलांसह भट्टीवर जायचे. तेथे आठवड्याला ‘खर्ची’ मिळते. विटा हजारांवर मोजल्या जातात. हंगाम संपता संपता हिशेब होतो, उचल आणि खर्ची वजा होते आणि अनेकदा शिल्लक निघते ती मजुराच्याच अंगावर. ती पुढल्या वर्षात ओढली जाते. वहीत लिहिणारा मालक आणि अंगठा देणारा मजूर, अशा व्यवहारात चूक कोणाच्या बाजूने होते हे वेगळे सांगायला नको. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. पण उचलीचे चक्र पुष्कळ ठिकाणी चालूच राहिले.

शिक्षणातील अंतराचे मूळही येथेच आहे. ठाकराचे घर वर्षभर एका जागी असते, म्हणून मुलगा शाळेत टिकतो, आश्रमशाळेतून पुढे जातो, शिक्षक, पोलीस, ग्रामसेवक होण्याची आशा धरू शकतो. कातकऱ्याचा मुलगा जूनमध्ये पटावर येतो आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर जातो. पुढे नोकरीत वा पंचायतीत राखीव जागा निघते, तेव्हा ती अनुसूचित जमातीची एकच असते. तिथवर पोहोचतो तो आधी शाळेत टिकलेला. यात ठाकरांचा काही दोष नाही. परंतु समान प्रवर्ग म्हणजे समान संधी नव्हे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

आपल्या धर्मात अपरिग्रहाला मोठे स्थान आहे. डोंगरातल्या या माणसांकडे पाहून ‘बघा, यांच्याजवळ काही नाही तरी किती समाधानी!’ असे कौतुकाने म्हणणारे लोक भेटतात. पण अपरिग्रह हे व्रत आहे. ज्याच्याजवळ आहे त्याने ते सोडण्यात पुण्य आहे. ज्याच्या घरात उद्याची नाचणी नाही, त्याच्या रिकाम्या मडक्याला अपरिग्रह म्हणणे ही त्याची थट्टाच होय.

रस्ता आला, दर वाढले

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खालापूर-कर्जतच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. फार्महाऊस, वसाहती, गोदामे, कारखाने उभे राहिले. या बदलात दोन्ही समाज सापडले, पण वेगवेगळ्या रीतीने. ठाकराला निदान आपली जमीन नाकारण्याचा किंवा तिच्यासाठी भांडण्याचा अधिकार आहे. कातकरवाडीखालची जमीन मात्र वाडीला न विचारता विकली जाते. जुना मालक मजुराला ओळखत होता, नव्या मालकाला फक्त नकाशा माहीत असतो. मग कुंपण पडते, पाणवठ्याची वाट बंद होते आणि पिढ्यान् पिढ्या राहणारा माणूस ‘अतिक्रमणदार’ ठरतो.

तथापि, ठाकरांचे सारे ठीक चालले आहे असा समज कोणी करून घेऊ नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे मातीखालीच राहिली. ती ठाकरवाडी होती. जमीन होती, पण ती डोंगराच्या कुशीत. तेथपर्यंत धड रस्ता नव्हता आणि मदत करणाऱ्यांना पायी चढून जावे लागले. कागदावरचा तुकडा पाय रोवायला आधार देतो. पण तो तुकडा कुठे आहे, तेथवर शाळा, दवाखाना, रस्ता पोहोचतो का, यावर पुढचे आयुष्य ठरते.

आशेची बाजूही आहे. २००६ चा वनहक्क कायदा कसणाऱ्याला वनजमिनीवर हक्क देतो आणि त्यात अतिमागास जमातींच्या हक्कांचा स्वतंत्र उल्लेख आहे. दळी जमिनींसाठी रायगडमध्ये अनेक वर्षे चाललेल्या लढ्याला त्यामुळे आधार मिळाला. केंद्र सरकारने १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या प्रधानमंत्री जनमन योजनेत कातकऱ्यांचा समावेश आहे. वाडीची जागा गावठाण म्हणून जाहीर करण्याची तरतूद जमीन महसूल संहितेत आहे आणि कूळकायद्यातही शेतमजुराच्या राहत्या घराला संरक्षण देणारी कलमे आहेत. कायद्यांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो ते कागद वाडीपर्यंत नेणाऱ्यांचा.

समारोप

दोन समाजांच्या या तुलनेतून एक गोष्ट निश्चितपणे पुढे येते. ठाकर व कातकरी यांच्या स्थितीतील फरक हा स्वभावाचा, बुद्धीचा वा कष्टाळूपणाचा नाही. वीटभट्टीवर पहाटे तीनला उठून चिखल तुडवणाऱ्याला आळशी म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. एकाची उपजीविका कायद्याने थांबविली आणि दुसऱ्याची सवलतीने चालू राहिली. एकाचे नाव ठरावीक दिवशी कुळाच्या रकान्यात होते, दुसऱ्याचे नव्हते. पुढल्या पन्नास-साठ वर्षांतील शाळा, नोकरी, कर्ज आणि इज्जत हे सारे त्या नोंदीवर उभे राहिले.

आपला समाज वहीखात्याचा समाज आहे. कागदावरच्या एका ओळीची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक असणार? म्हणूनच आपले कर्तव्यही त्याच दिशेचे आहे. वाड्यांवर दरवर्षी वह्या, ब्लँकेटे, औषधे यांचे वाटप होते आणि ते चालू राहावेच. परंतु त्यासोबत जातीचे दाखले, वनहक्काचे दावे, गावठाणाचे प्रस्ताव यांसाठी आपल्यातील वकील, हिशेबनीस आणि निवृत्त अधिकारी यांनी महिन्यातील एक दिवस दिला, तर त्याचे फळ ब्लँकेटापेक्षा अधिक काळ टिकेल. ज्यांच्या भट्ट्या आहेत त्यांनी प्रत्येक मजूर कुटुंबाच्या हाती हिशेबाची स्वतंत्र वही द्यावी आणि मुलांसाठी भट्टीजवळ शाळेची सोय पाहावी. आणि ज्यांनी या परिसरात जमिनी घेतल्या आहेत, त्यांनी आपला सातबारा काढून त्या गटात एखादी वाडी उभी आहे काय, हे पाहावे. असल्यास तेवढी जागा गावठाणासाठी सोडून देण्यास संमती द्यावी. चार गुंठ्यांनी आपले काही उणे होणार नाही. त्या चार गुंठ्यांवर मात्र एका वाडीला पहिल्यांदाच स्वतःचा पत्ता मिळेल.